दीपगृहाच्या अलीकडची फट

१९ ऑक्टोबर

हे पत्र तुझ्याबद्दल नाही आणि माझ्याबद्दलही नाही. तुझ्या बाबांबद्दल आहे, तेव्हा फाडण्याआधी निदान पहिलं पान वाच. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून हा टपालाचा उद्योग. पत्ता काकूंनी दिला. म्हणजे हातात दिला नाही. मी कप विसळायला आत गेलो तेव्हा तो फ्रिजवर चिकटवलेला दिसला. मी तो वाचतोय हे तुझ्या आईने पाहिलं आणि ओट्याकडे तोंड फिरवलं. याला देणं म्हणायचं की नाही ते तू ठरव.

मी तुमच्या घरात काय करत होतो, हा तुझा पुढचा प्रश्न. सांगतो.

मी हल्ली टायरच्या दुकानात आहे. पंक्चर, हवा, बॅलन्सिंग. ताईकडेच राहतो, तिचं रोजचं कॉलेजपुराण ऐकतो. उन्हाळ्यात एकदा शेठने पंप देऊन पाठवलं, की एक गाडी बरेच महिने उभी आहे, चारही चाकं बसलीत, हवा भरून ये. पत्ता ऐकून मला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही.

तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. आणि बंद गाडीत मास्तर, म्हणजे तुझे बाबा, बसलेले, शिकवणाऱ्याच्या सीटवर, उजवा पाय त्यांच्या त्या जादा ब्रेकवर. मी म्हटलं, "काका, जरा उतरता का, हवा भरायची आहे." त्यांनी मान वळवली, मला शोधलं. नळीतून बघावं तसं बघतात आता. आणि म्हणाले, "तू तोच ना रे? सिग्नलला गाडी सोडून ट्रकवाल्याशी भांडायला उतरलेला?"

"हो."

"हँडब्रेक लावला होतास?"

"नव्हता."

"मग हवा तरी नीट भर."

लायसन्सच्या ऑफिसात जाऊन तू सांगितलंस की बाबांना बाजूचं काही दिसत नाही, त्यांचं शिकवणं थांबवा. स्कूल बंद झालं. त्या दिवसापासून ते तुझ्याशी बोलत नाहीत, तुझं नाव घेत नाहीत, हे तुला माहीत आहे. नाव न घेता किती बोलतात ते तुला माहीत नाही. हवा भरून होईपर्यंत मला एवढं कळलं होतं की 'कोणीतरी' परगावी नोकरीला गेलंय, 'कोणाला तरी' थंडी सोसत नाही, आणि 'कोणाचा तरी' फोन काकूंना रविवारी येतो तेव्हा टीव्हीचा आवाज बारीक करावा लागतो, कारण रिमोट खराब आहे.

आणि त्यांनी काकूंना सांगून ठेवलंय की किनाऱ्याची मॅरेथॉन, पूर्ण, तिच्या मदतीशिवाय पळून दाखवीन, आणि ज्या दिवशी पळेन त्या दिवशी स्वतःच्या हाताने तिला फोन करीन. आधी नाही. काकू म्हणतात, अडेलतट्टू माणूस, फोन करायला बेचाळीस किलोमीटर कशाला लागतात. पण तू त्यांचीच मुलगी. तुला कळेल कशाला लागतात ते.

एकट्याने पळायला गेले तर बाकड्यावर आपटले. शर्यतवाल्यांनी सांगितलं, सोबती हवा, दोरीने जोडलेला, नाहीतर नाव घेणार नाही. मी पंपाची नळी गुंडाळत होतो आणि माझ्या तोंडून निघालं, मी पळतो. तोपर्यंत मी बसमागे सोडून कशाच्याही मागे पळालो नव्हतो. तुझ्या मागे पळालो त्याला तू पळणं म्हणत नाहीस.

तर गेले कित्येक महिने रोज पहाटे आम्ही पळतोय. काल नावं पक्की झाली. नोव्हेंबरच्या मधला रविवार.

तुझ्यामाझ्याबद्दल त्यांना काही माहीत नाही. मी सांगणारही नाही. हे मी तुझ्या बातम्यांसाठी करतोय का? सुरुवातीला हो. आता विचारलंस तर गोंधळ आहे.

२ नोव्हेंबर

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, फक्त ताईला विचारत होतो की टपालवाला या गल्लीत हल्ली येतो ना.

दोरीचं सांगायचं राहिलं. शर्यतवाल्यांनी चांगली मऊ दोरी दिली होती. मास्तरांनी हात लावून परत केली. मग मागच्या सीटचा पट्टा मला कापायला लावला, दोन्ही टोकांना काकूंनी फासे शिवून दिले. एकात त्यांचा डावा हात, एकात माझा उजवा. "सीटबेल्ट लावल्याशिवाय मी कोणाच्याही गाडीत बसत नाही," म्हणाले.

आणि गाडी म्हणजे आता मी. चढ आला की पहिला गिअर. सपाटीला तिसरा. पाण्याचं डबकं आलं की मी 'डावीकडून काढतोय' असं आधी सांगायचं, मग काढायची. 'आरसा' असं ते म्हणाले की मागून कोण येतंय ते सांगायचं. एकदा मी म्हटलं, मागून एक लठ्ठ गृहस्थ आणि एक कुत्रा येतोय. "कोण पुढे आहे?" कुत्रा. "मग त्याला साइड दे, घाई दिसतेय." ओढायचं मात्र नाही, अजिबात नाही. पट्टा सैल राहिला पाहिजे. पट्टा ताणला म्हणजे शिकाऊ चालवतोय, असं त्यांचं म्हणणं. मला ते शिकाऊच म्हणतात. नाव एकदाही विचारलं नाही.

घाबरले की त्यांचा उजवा पाय जमिनीत रुततो. ब्रेक. भर पळताना. माझा खांदा उखडायचा बाकी राहतो. तुला आठवतं ना, मी गाडी चालवायचो तेव्हा ते असाच ब्रेक मारायचे आणि तू मागच्या सीटवरून हसू दाबायचीस. तू खुणांचे बोर्ड शिकवायचीस, मी मुद्दाम सगळे चुकवायचो. 'थांबा'च्या खुणेला मी 'पुढे मंदिर' असंही काहीतरी ठोकून दिलं होतं. तुला वाटायचं मी ढ आहे. मला वाटायचं तू ओळखलंयस.

परवा माझं डोकं फिरलं. पाऊस, वारा, समुद्र असा गाजत होता की मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मी ओरडून ओरडून खड्डे सांगत होतो आणि ते वर म्हणाले, "आमच्या घरी एक होती, ती न ओरडता सांगायची. ऐकू यायचं." मी फाशातून हात काढला. म्हटलं, मग तिलाच बोलवा, मी चाललो. आणि चाललोही. भरती-ओहोटीची पाटी आहे तिथपर्यंत गेलो. मागे बघितलं तर ते होते तिथेच उभे होते. पट्टा हातातून लोंबतोय, पाऊस तोंडावर घेतायत, डावा हात थोडा पुढे. कोणी येईल म्हणून नाही. हात तसाच राहिला होता, एवढंच.

मी परत गेलो. फासा चढवला. ते म्हणाले, "वळण चुकलास का?"

म्हटलं, "हो."

"मग परत घे."

हा त्यांचा जुना नियम तुला माहीतच आहे. शिकाऊने वळण चुकवलं की पुढच्या गल्लीने घरी नाही यायचं. फिरून त्याच जागी जायचं, तेच वळण नीट घ्यायचं, मगच तास संपला. एकदा माझ्यामुळे तुमचं जेवण दुपारचं चहाच्या वेळेला झालं होतं. त्या पावसातही आम्ही भरती-ओहोटीच्या पाटीपर्यंत गेलो, परत वळलो आणि पुन्हा तिथून सुरू केलं.

मला कळत नाही मी एवढा चिडतो कशाने. तू म्हणायचीस, भडकू, तुझ्या रागाला पत्ता नाही, कुठेही जाऊन पोचतो. कॉलेजही मी रागातच सोडलं. तुला सांगायला आलो तेव्हा मला वाटलं होतं तुला आवडेल. मी म्हटलं, आता मी कमावणार, आता आपण लग्न करू. तू म्हणालीस, "मी कधी म्हटलं होतं?" मी तेव्हापासून आठवून बघतोय. म्हटलं नव्हतंस. पण मग ते सगळं काय होतं?

१३ नोव्हेंबर

थोडक्यात लिहितो, दुकानात आहे, हात काळे आहेत, पानावर डाग पडतील.

हवामानवाले म्हणतात रविवारी दिवसभर पाऊस आणि गारवा. सगळे पळणारे खूश आहेत, म्हणे ऊन नसलं की दम टिकतो. मास्तरही खूश आहेत, वेगळ्या कारणाने. म्हणाले, "पावसात कोणालाच काही दिसत नाही. त्या दिवशी सगळे माझ्यासारखे."

रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने दीपगृहापर्यंत जातो, तिथे वळतो आणि समोरच्या बाजूने परत येतो. मधे दुभाजक आहे. दीपगृह तुझ्याकडून येणाऱ्या बसच्या थांब्यापासून चालत येण्यासारखं आहे. मी काही म्हणत नाही. फक्त रस्ता सांगतोय.

आलीस तर तो नारिंगी रेनकोट घाल. चाचणीच्या मैदानात शंकू मांडताना घालायचीस तो. लांबून दिसतो. मी त्यांना सांगणार नाही की मी तुला लिहिलंय. तू तिथे उभी आहेस हे त्यांना कळायलाच हवं असं नाही. मला कळलं तरी पुरे.

नको येऊस. म्हणजे शर्त अशी आहे की तुझ्या मदतीशिवाय. उभं राहणं ही मदत होते का? मी काकूंना विचारणार होतो, पण मग मी का विचारतोय हे त्यांनी विचारलं असतं.

१८ नोव्हेंबर

तू आली होतीस का?

आधी हेच लिहायला हवं, कारण रविवारपासून मला दुसरं काही सुचत नाही. बाकीचं सगळं क्रमाने सांगतो, मग तू ठरव.

सुरुवातीला सगळ्यांनी कचऱ्याच्या मोठ्या पिशव्यांना भोकं पाडून डोक्यातून घातल्या होत्या, पाऊस लागू नये म्हणून. हजारो पिशव्या उभ्या. मी मास्तरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "नगरपालिकेला कळवू नकोस, उचलून नेतील." शेजारच्या दोन पिशव्या हसल्या.

आम्ही चांगले पळालो. खरंच. मी त्यांना सगळं सांगत गेलो, डबकं, गटाराचं झाकण, डावीकडे समुद्र, उजवीकडे शटर बंद दुकानं, एका गॅलरीत म्हातारी पातेलं वाजवतेय. एवढ्या पावसात स्वयंसेवक ओले स्पंज वाटत होते. मास्तरांनी एक घेतला, माझ्या डोक्यावर पिळला आणि म्हणाले, "रेडिएटर." पट्टा सैल होता. कित्येक किलोमीटर मला तो हातात आहे हेच जाणवलं नाही. बूट पाण्याने पचपचत होते, मीठ डोळ्यांत जात होतं, आणि मला बरं वाटत होतं, इतकं की मी तुला विसरलो होतो. राग मानू नकोस. तुला बरंच वाटेल म्हणा.

मग दीपगृह दिसायला लागलं. पावसात नुसती पांढरी उभी रेघ. आणि दुभाजकापलीकडे, परतीच्या बाजूला, नारिंगी रेनकोट.

पाठमोरी होती. टोपी डोक्यावर ओढलेली. वाऱ्याने शंकू सरकले होते आणि ती ते हाताने न उचलता पावलाच्या कडेने ढकलत सरळ करत होती. एक ढकलला, मागे सरून बघितलं, पुन्हा जरासा ढकलला. असं कोण करतं? जगात असं एकच माणूस करतं.

माझ्या तोंडून निघालं, "किल्ली."

मला माहीत आहे, ते नाव फक्त त्यांनी घ्यायचं. लहानपणी तू गाडीच्या किल्ल्या चघळायचीस म्हणून त्यांनी ठेवलेलं. मी एकदा म्हटलं तर तू दोन दिवस बोलली नव्हतीस. पण निघालं. आणि ओरडूनच निघालं, समुद्राच्या वरताण.

मास्तर म्हणाले, "कुठे?"

बस, एवढंच. तिला कसं ओळखतोस, असं नाही; तिचं नाव तुला कोणी सांगितलं, असंही नाही. कुठे.

मी म्हटलं, "समोर. पलीकडे." दुभाजकात रुग्णवाहिकेसाठी एक फट ठेवली होती, आम्ही तिच्यातून गेलो. पट्टा ताणला गेला होता, मला मनगटावर वळ आलाय. आणि मी तेव्हापासून आठवतोय की तो ताणला कोणी. मी ओढत होतो की ते? मला आठवतं ते माझ्यापुढे होते. पण ते माझ्यापुढे कसे असतील, त्यांना दिसत नाही.

त्यांनी हात पुढे केला. त्या बाईने वळून तो धरला. आणि म्हणाली, "काका, केळं घ्या."

ती तू नव्हतीस. स्वयंसेवक होती, पन्नाशीची, चष्म्यावर पाणी. मास्तर तिचा हात सोडेनात. ती बिचारी म्हणाली, "काका, मी तुमची कोणी नाही हो. थांबू नका, अंग गार पडेल, चला, परत निघा." त्यांनी केळं घेतलं. सोलून अर्धं मला दिलं. आणि आम्ही पळायला लागलो.

परतीचं काही आठवत नाही. डबकी मी सांगितली नाहीत, त्यांनी ती तुडवली. शेवटची कमान आली तेव्हा मी नियमाप्रमाणे अर्धं पाऊल मागे राहिलो, पळणाऱ्याने आधी ओलांडायचं असतं. गळ्यात पदक पडलं. ते त्यांनी बोटांनी वाचलं, घरी येऊन गाडीच्या आरशाला अडकवलं आणि काकूंना म्हणाले, फोन आणा.

तुला फोन आला नसेल. तो का आला नाही हे मी आज लिहीत नाही. फोनला चार्जिंग नव्हतं असं मी त्यांना सांगितलंय.

मला एवढंच विचारायचं आहे. त्या बाईच्या पलीकडे, दीपगृहाच्या पायथ्याशी, खूप माणसं उभी होती. छत्र्या होत्या. त्यात तू होतीस का? होतीस तर आम्हाला फटीतून वळताना बघितलंस का?

२१ नोव्हेंबर

मागच्या पत्रात चार्जिंगचं खोटं होतं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

झालं असं की कमानीखालीच माझा मोबाइल वाजला, नोंदणीत माझा नंबर होता म्हणून. शर्यतवाल्यांकडची एक मुलगी म्हणाली, वळणावरच्या पट्टीवर तुमच्या काकांची नोंद नाही. ती पट्टी दीपगृहाच्या पायथ्याशी रस्त्यावर आडवी असते, बुटाला लावलेली चिप तिच्यावरून गेली की वळण मोजलं जातं. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तुमची यंत्रं भिजलीत, एक आंधळा माणूस पळून आलाय आणि तुम्ही त्याला चोर म्हणता. बरंच बोललो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दादा, तुम्ही दीपगृहाला वळसा घातला होता का?"

आणि मग मला कळलं. फट दीपगृहाच्या अलीकडे होती. आम्ही फटीतून पलीकडे गेलो, केळं खाल्लं आणि तसेच परतीच्या लोकांत मिसळलो. वळणापर्यंत पोचलोच नाही. तेवढा तुकडा आम्ही पळालोच नाही.

समोर मास्तर पदकावरची अक्षरं बोटांनी चाचपत होते.

मी तीन गोष्टी ठरवल्या आणि तिन्ही मोडल्या. पहिली, सांगायचंच नाही. एवढासा तुकडा, त्यांना कोण सांगणार. ते तुला फोन करतील, तू येशील, सगळं सुरळीत. दुसरी, फोन लांबवायचा. म्हणून चार्जिंग. सोमवारी म्हटलं रेंज नाही, मंगळवारी म्हटलं ती कामात असेल. काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी कप विसळायला आत जाणं बंद केलं. तिसरी गोष्ट, तुलाच विचारायचं. पण तुझं उत्तर काय येणार हे मला माहीत आहे. त्यांना दिसत नसताना ते 'दिसतंय' म्हणत राहिले, म्हणून तर तू लायसन्सच्या ऑफिसात गेलीस. आणि आता त्यांनी तुला फोन करायचा तोही न पळता 'पळालो' म्हणून? आणि हे मला ठाऊक असताना?

पण सांगितलं तर फोन नाही. पुढच्या वर्षीपर्यंत नाही. पुढच्या वर्षी त्यांना मधलंही दिसेनासं झालं असेल, डॉक्टर तसं म्हणतात. मला तुझ्यावर राग येतो, त्यांच्यावर येतो, त्या केळेवाल्या बाईवर येतो. तू बरोबर होतीस, पत्ता नाही.

आज दुकानातून थेट गेलो. ते गाडीत बसले होते, आपल्या सीटवर. मी दुसऱ्या बाजूने शिरलो, स्टिअरिंगमागे बसलो आणि सांगून टाकलं. पट्टीचं, फटीचं, चार्जिंगचं. मग ओघात बाकीचंही. तुझं, माझं, बोर्डांचं, कॉलेजचं. हे सांगायचं ठरवलं नव्हतं.

टपावर पाऊस वाजत होता. मग त्यांनी विचारलं, "फटीतून गाडी कोणी वळवली?"

"मी."

"खोटं. माझं पाऊल आधी पडलं होतं."

"मी ओरडलो म्हणून पडलं."

"मी तिला नऊ महिने हाक मारली नाही, आणि तू मारलीस," म्हणाले. "त्यात तुझी चूक काय?"

त्यांनी आरशावरचं पदक काढलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून कप्पा बंद केला. मी विचारलं, आता? तर मलाच म्हणाले, "एवढे महिने शिकलास, अजून विचारतोस? वळण चुकलं की काय करायचं असतं?"

२४ नोव्हेंबर

पुढचं अर्धं तुला माहीत आहे, कारण फोनच्या त्या टोकाला तू होतीस. या टोकाला काय चाललं होतं तेवढं सांगतो.

काल आम्ही बसने त्या फटीपर्यंत गेलो. पाऊस तसाच, गारवा तसाच, पण रस्ता नेहमीसारखा चालू. ट्रक, स्कूटर, शाळेची बस. शंकू नाहीत, स्पंज नाहीत, बघायला कोणी नाही. फासे चढवले. मास्तर म्हणाले, "सीटबेल्ट?" म्हटलं, लावला. "हँडब्रेक?" म्हटलं, काढला. आणि सुरू केलं.

फटीपासून दीपगृह फार लांब नाही. पण मला ते सगळ्या मॅरेथॉनपेक्षा लांब वाटलं. एक ट्रकवाला जवळून हॉर्न मारत गेला आणि म्हणाला, "आजोबांना घेऊन कुठे निघालास रे येड्या." मी काही बोललो नाही. हे मुद्दाम लिहितोय.

पायथ्याशी एक साखळी आहे, 'आत जाऊ नये'. मी म्हटलं, साखळी आहे, पाय उचला. आम्ही दीपगृहाला पूर्ण वळसा घातला. ते उजव्या हाताने भिंत चाचपत गेले, सगळीकडून, एखाद्या ओळखीच्या जनावराच्या पाठीवरून हात फिरवावा तसे. मग समोरच्या बाजूने परत फटीपर्यंत. ती बाई जिथे उभी होती तिथे थांबले. दम लागला होता. म्हणाले, "संपला तास."

त्यांचा तो बटणांचा जुना फोन खिशात प्लास्टिकच्या पिशवीत होता. तुझा नंबर त्यांना पाठ आहे. बोटांनी मोजत दाबला, मला विचारलं नाही.

तू 'बाबा?' म्हणालीस. दोनदा. तेव्हा ते गप्प होते, तर तुला वाटलं असेल लाइन कटली. लाइन नव्हती कटली. त्यांनी फोन उलटा धरला होता. मी सरळ करून दिला. आणि तेव्हा मी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय जमिनीत दाबलेला होता, पूर्ण जोर लावून, टाच उचललेली. ब्रेकवर. तू तिसऱ्यांदा 'बाबा' म्हणालीस तरी तसाच. 'तू बरोबर केलंस, माझ्या हातून कोणी मेलं असतं,' हे ते म्हणाले ना, ते म्हणायच्या आधी त्यांनी पाय उचलला. तो आधी सुटला, मग शब्द आले. हे तुला तिकडून दिसणार नव्हतं म्हणून लिहिलं.

मग तू विचारलंस, रस्त्यावर कसे, सोबत कोण आहे. मी मान हलवून नको नको म्हणत होतो, जसं काही त्यांना दिसणार होतं.

ते म्हणाले, "एक शिकाऊ आहे. पक्कं लायसन्स नाही अजून. भडकू म्हणतात."

हे नाव त्यांना मी सांगितलेलं नाही. गाडीतही नाही सांगितलं. म्हणजे आधीपासून माहीत होतं? कधीपासून? हवा भरायला आलो त्या दिवसापासून? मी विचारलं तर म्हणाले, आरशात बघून गाडी चालवणाऱ्या माणसाला मागच्या सीटवरचंही दिसतं, तेव्हा डोळे चांगले होते. मला काही समजेनासं झालंय. इतके महिने मी त्यांना फसवत होतो की ते मला पळवत होते?

असो. ते नाव ऐकून तुझ्याकडून एक आवाज आला. छोटासा. मग तू 'पावसात उभे राहू नका' म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तो आवाज काय होता?

मास्तर म्हणतात, हसली. मी म्हटलं, नाही, रडली, मी तुम्हाला सांगतो ना. ते म्हणाले, माझी मुलगी आहे, मला सांगतोस? बसमध्येही तेच. कंडक्टर म्हणाला, तुम्ही दोघं आधी ठरवा आणि मग चढा. घरी काकूंसमोर दोघांनी तो आवाज करून दाखवला, त्यांनी दोन्ही नापास केले.

तेवढं कळव. मला नको तर त्यांना कळव, ते मला सांगतील. पट्टा मी त्यांच्या दारामागच्या खिळ्याला लावून ठेवलाय, उद्या पहाटे आम्ही निघतोय.